खालच्या डेकवरची मधली केबिन

क्रूझ कंपनीच्या फोनवरच्या मुलीने चार मिनिटांत ‘पूर्णपणे’ हा शब्द तीनदा वापरला. केबिन अपंगांसाठी पूर्णपणे सोयीची आहे. बाथरूम पूर्णपणे सपाट आहे. कर्मचारी पूर्णपणे प्रशिक्षित आहेत. मी तिन्ही वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि तिन्ही ‘पूर्णपणे’ खोडले. जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर सत्तावीस वर्षं काढल्यावर ही सवय लागते. फुगवणारा शब्द काढला की वाक्यात काय उरतं ते बघायचं. इथे जे उरलं त्यातलं एकही मला घरबसल्या तपासता येत नव्हतं.

प्रवास मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्रींचा. जाणारे दोघं. एक मी. दुसरे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, देवगडचे तांडेल. मासेमारी बोटीवर सगळा हुकूम ज्याचा चालतो तो तांडेल. सहा वर्षांपूर्वी बोट जेटीला लावताना बाबांचा पाय घसरला आणि बोट आणि जेटी यांच्या मध्ये सापडला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या दिवशी त्यांच्याच चार खलाशांनी त्यांना बर्फ वाहायच्या फळीवर घालून जेटीवरून वर आणलं होतं. तेव्हापासून ते कुठल्याही बोटीवर चढले नव्हते, आणि जेटीच्या त्या टोकालाही गेले नव्हते.

कृत्रिम पाय कपाटात आहे. तो त्यांनी दोनदा लावला. पुण्याच्या भावाने गेल्या वर्षी चार चाकांची, बॅटरीवर चालणारी स्कूटर पाठवली, ती मात्र त्यांनी चार दिवसांत आपलीशी केली. रोज सकाळी ते लिलाव बघायला बंदरावर जाऊ लागले, तेही रस्त्यापर्यंतच. पहिल्या आठवड्यात एका मासेविक्रेतीने त्यांना हटकलं होतं, “तांडेलांनू, डिझेल घालतात काय ह्येच्यात?” बाबा म्हणाले, “बांगड्याच्या तेलार चलता. तुझ्याकडे कालचे उरले आसत ते घाल.” ती हसली आणि टोपली झाकून पुढे गेली.

क्रूझची कल्पना भावाची. मला वाटलं होतं बाबा उडवून लावतील. पर्यटकांच्या होड्यांबद्दल ते आयुष्यभर जे बोलले ते छापण्याजोगं नाही. पण ते लगेच हो म्हणाले. अट एकच घातली.

“माका कोणी उचलूचा नाय. चढताना नाय, उतरताना नाय. उचललात तर मी थंयसूनच परत येतलंय.”

“कोण उचलतला तुमका?”

“बोटीवरसून माणसाक उचलून कधी आणतत, ता तुका म्हायत आसा.”

मला माहीत होतं. आमच्या वाडीत बोटीवरून माणूस चौघांच्या हातांवर येतो तो मेलेला असतो. बाबा तसे आले होते आणि जिवंत होते. ती गोष्ट त्यांनी कुणालाही, स्वतःला धरून, माफ केली नव्हती.

म्हणून प्रश्न साधा झाला होता. सत्तर किलोचा माणूस आणि पन्नास किलोची स्कूटर, या दोघांना कुणाचाही हात न लागता जेटीवरून बोटीत, दारातून केबिनमध्ये आणि केबिनमधून कठड्यापर्यंत जाता येईल का? उत्तर हो की नाही, एवढंच मला हवं होतं.

मी कसालला राहते. तिथे हायवेच्या नाक्यावर सहलींच्या एजंटाचं दुकान आहे. बाहेर झेरॉक्सची पाटी, आत गोव्याच्या बसची तिकिटं, आणि अलीकडे भिंतीवर पांढऱ्या जहाजाचं पोस्टर. मी एकटी जाणार होते. बाबा म्हणाले, मीही येतो. देवगडहून भाड्याच्या व्हॅनमध्ये स्कूटर घालून ते आले. दुकानाला दोन पायऱ्या होत्या. त्यामुळे अपंगांच्या सोयीच्या केबिनबद्दलची चर्चा दुकानाबाहेर, टपरी आणि रिक्षा स्टँड यांच्या मध्ये झाली. एजंटाने स्वतःची खुर्ची बाहेर आणली. ही गोष्ट त्याला खटकली नाही याची मी नोंद केली.

“मॅडम, दोनच केबिन शिल्लक आहेत,” तो म्हणाला. “आज नक्की केलं तर बरं.”

दोनच शिल्लक, हे वाक्य मी विश्वासाने कधी ऐकत नाही. मी विचारलं, एकूण किती असतात? त्याने फोन लावला. एकूण मोजक्याच असतात, असं उत्तर आलं. मोजक्या म्हणजे किती? तो पुन्हा फोनवर बोलला आणि म्हणाला, विचारून सांगतो.

त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. मोठा पलंग, रुंद दार, बाथरूममध्ये भिंतीला धरायच्या दांड्या. मी फोटो मोठे करून बघितले. पहिल्या फोटोत बाथरूमची फरशी राखाडी होती, तिसऱ्यात पिवळसर. पहिल्यात कोपऱ्यात दुमडायची बैठक होती, तिसऱ्यात टब होता. ही एक केबिन नव्हती, दोन होत्या; बहुधा दोन वेगळ्या जहाजांवरच्या.

“यातली आमची कुठली?”

“दोन्ही सारख्याच, मॅडम.”

“टबात एका पायाचा माणूस कसा उतरणार?”

एजंट फोटोकडे बघत राहिला. त्याने तो फोटो तोवर नीट बघितलाच नव्हता, असं मला वाटलं.

मी दाराची रुंदी विचारली. ती त्याच्याकडे होती: ऐंशी सेंटिमीटर. स्कूटर मी घरी टेपने मोजली होती, अठ्ठावन्न. मी आकडा वहीत लिहिला आणि समाधानाने खाली रेघ मारली. बाबा तोवर माझी वही बघत होते. ते म्हणाले,

“दाराचा सोड. वळतली खंय?”

“काय?”

“भायर चिंचोळी वाट आसतली. थंयसून काटकोनात आत शिराचा. वळूक जागा किती?”

खाडी किती रुंद आहे यापेक्षा बोट कुठे फिरवता येईल, हे तांडेल आधी बघतो. मी दार मोजलं होतं; दारासमोरची जागा मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. एजंटाने पुन्हा फोन लावला. पलीकडच्या माणसाला प्रश्न समजायला वेळ लागला.

त्यानंतर बाबांनी चढायच्या उताराबद्दल विचारलं. एजंट म्हणाला, अगदी सोपा रॅम्प आहे.

“भरतीक की सुकतीक?” भरतीला की ओहोटीला, असं ते विचारत होते.

“तिथे सगळं लेव्हल असतं, काका.”

“दर्याक लेवल नसता, रे. जेटी थंयच ऱ्हवता, बोट वर-खाली होता. दरवाजो जेटीच्या वर आसा की खाली?”

एजंटाची प्रमाण मराठी इथे संपली. “ता माका कसा म्हायत आसतला, तांडेलांनू?” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला तो खरं बोलतोय असं वाटलं.

बाबांनी बोटांवर मोजलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडच्या कुठल्याही खलाशाला पाठ असतं. अष्टमीला सहाची भरती, म्हणजे दुपारी बाराला सुकती. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. चढायची वेळ दुपारी एकची होती. दरवाजा वर असो की खाली, भांगात उतार फार बदलणार नाही. एजंटाने पोस्टरवरच्या तारखा वाचून दाखवल्या, बाबांनी त्यांच्या तिथ्या सांगितल्या, आणि अष्टमीची फेरी ठरली. एजंट म्हणाला, आजवर कुणी तिथी बघून क्रूझ बुक केली नाही. बाबा म्हणाले, “मगे ती कशी चढली आसतली देवाक म्हायत.”

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग त्यांनी विचारलं,

“कठडो किती उंच आसा?”

एजंटाने हाताने छातीपर्यंत दाखवलं. बाबांनी मान हलवली. “उभ्या माणसाच्या की बसलेल्या?”

मी तो प्रश्न वहीत लिहिला. त्याखाली काही लिहिलं नाही.

आत्महत्यांच्या बातम्या मी किती संपादित केल्या ते मोजलेलं नाही. त्यांत एक ओळ वारंवार येते: घरच्यांना काहीच कल्पना नव्हती. ती ओळ मी जशीच्या तशी जाऊ देत असे आणि मनात म्हणत असे, कल्पना असणार, विचारलं नसेल. आता मला कल्पना आली होती, आणि मी विचारत नव्हते. सहा वर्षं जेटीच्या टोकाला न गेलेला माणूस क्रूझला लगेच हो म्हणाला होता. आता तो कठड्याची उंची विचारत होता.

रात्री भावाला फोन केला.  तो म्हणाला, “तू काहीतरीच. तुझ्या पेपरने तुझं डोकं असं केलंय.” तासाभराने त्याचा पुन्हा फोन आला. “केबिनची खिडकी उघडते का, ते बघ.”

शिल्लक असलेल्या दोन केबिनपैकी एक वरच्या मजल्यावर, पुढच्या बाजूला होती. तिला स्वतःची बाल्कनी होती. दुसरी खालच्या डेकवर, बोटीच्या बरोबर मध्यावर, न उघडणारी मोठी काच असलेली. दुकानाबाहेर मी मनात पहिली ठरवली होती. आता मला दुसरी हवी होती आणि कारण सांगायचं नव्हतं. त्याची गरज पडली नाही. बाबांनी आपणहून दुसरी निवडली.

“वर पुढे कोण झोपता? नवखो. बोट सगळ्यात कमी हलता ती पोटात. आणि जमिनीकडची बाजू होई.” दक्षिणेला जाताना जमीन डाव्या हाताला. केबिन डावीकडची होती. दारासमोरच्या जागेचं माप दोन दिवसांनी ई-मेलने आलं: दीड मीटर. स्कूटरला वळायला तेवढी पुरेल, हे मी खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, खडूने चौकोन आखून, त्यात बाबांना फिरवून तपासलं. चाक एकदा रेघेवर गेलं. “ही रेघ तुझी जाडी आसा,” बाबा म्हणाले.

त्याच ई-मेलमध्ये आणखी उत्तरं होती. बाथरूमला उंबरा नाही. चार्जरला पलंगाजवळ जागा आहे. स्कूटर बाहेरच्या वाटेत ठेवायची नाही. बॅटरीचा कागद लागेल. उघड्या डेकवर जाण्यासाठी रॅम्प आहे. प्रत्येक वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली. शेवटच्या वाक्यात काय विचारायचं राहिलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

अर्जात एक प्रश्न होता: प्रवाशाला चढउतारासाठी मदत लागेल का? बाबांसमोर मी ‘नाही’वर खूण केली. ते चष्मा लावून बघत होते. मग संध्याकाळी कसालला परतल्यावर कंपनीला वेगळा मेल लिहिला: वडील नको म्हणतील, तरी गरज पडल्यास दोन माणसं जवळ असावीत. आणि त्यांच्यावर, विशेषतः उघड्या डेकवर, लक्ष असावं. पाठवल्यावर मेल पुन्हा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी देवगडला त्यांची पिशवी भरताना मला सुती दोराचं वेटोळं सापडलं. दहाएक हात असेल.

“दोर कित्याक?”

“दोर घेतल्याशिवाय मी कधी बोटीर चढूक नाय.”

दोराखाली जुन्या धोतरात गुंडाळलेलं, गाठी मारलेलं काहीतरी होतं. जड. मी हात लावला तेव्हा ते म्हणाले, “ता ऱ्हवांदे.” मी राहू दिलं. मग विचारलं, काय आहे? त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तू माझ्यार नजर ठेवतंस काय गो? बातमी करतंस?”

“नाय.”

“मगे पिशवी बंद कर.”

मुंबईच्या जेटीवर आम्ही सव्वा वाजता पोचलो. पाणी उतरलेलं होतं. बोटीचा दरवाजा जेटीपेक्षा हातभर वर होता आणि मधला उतार बाबांच्या अंदाजाप्रमाणे सौम्य. त्यांनी स्कूटर मधल्या गतीवर ठेवली आणि वर गेले. मी चार पावलं मागे होते. कुणी हात लावला नाही. एवढं काम पाऊण मिनिटात झालं. त्यासाठी मी सात आठवडे पत्रव्यवहार केला होता आणि त्यांनी बोटांवर एक तिथी मोजली होती.

सामान तपासायच्या यंत्रापाशी पिशवी थांबली. पडद्यावर गोल, दाट असं काही दिसत होतं. सुरक्षारक्षकाने धोतराच्या गाठी सोडल्या. आत नारळ होता. शेंडी ठेवलेला, हळदकुंकू लावलेला.

पाणी शांत करायला, हंगाम सुरू करताना, नवीन बोट पाण्यात घालताना आमच्याकडे दर्याला नारळ देतात. बायका ते किनाऱ्यावरून बघतात. बाबांच्या बोटीवर मी चढले असेन तर ती वाळूत ओढलेली असताना. पाण्यात असताना कधीच नाही. बाबा पुन्हा दर्यावर निघाले होते आणि रीतीप्रमाणे नारळ घेऊन निघाले होते. त्यांनी तो लपवला, कारण समुद्रात काहीही टाकू नये हा नियम मीच त्यांना आठवडाभर आधी मोठ्याने वाचून दाखवला होता.

रक्षक म्हणाला, नारळ आत नेता येणार नाही, उतरताना परत मिळेल. त्याने पत्र्याचा बिल्ला दिला. बाबांनी बिल्ला उलटसुलट करून बघितला.

“परत देतले मां? काय चटणी करून मोकळे?”

केबिनमध्ये मी टेप काढला. दार ऐंशी नव्हतं, एकोणऐंशी होतं. बाथरूम सपाट होतं. बैठक भिंतीला पक्की होती. मी तिच्यावर आधी स्वतः बसून बघितलं. पलंगाची उंची स्कूटरच्या बैठकीपेक्षा तीन बोटं कमी होती, बाबा हातांवर जोर देऊन एका झोक्यात पलंगावर गेले. मग त्यांनी दोर मागितला, स्कूटरचा पुढचा दांडा पलंगाच्या जमिनीत बसवलेल्या पायाशी बांधला, गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, “आता बरा.” उरलेलं टोक त्यांनी नीट वेटोळं करून ठेवलं.

दोराचा आणि नारळाचा हिशेब लागला होता. कठड्याचा राहिला होता. मी खिडकीची काच कडेने चाचपून बघितली. ती खरंच उघडत नव्हती.

बाबांना उघड्या डेकवर पहाटे जायचं होतं. वेळ त्यांनी आधीच काढली होती: पाचला मुंबई सोडली, एवढी गती, तर उजाडताना विजयदुर्ग, आणि अर्ध्या तासाने देवगड. मोठ्या बोटी जमिनीपासून लांबून जातात, किनारा दिसणार नाही, पण सूर्य डोंगरांच्या मागून येतो तेव्हा त्यांची कड स्पष्ट दिसते. ती कड वाचूनच त्यांनी पन्नास वर्षं जाळी टाकली होती. एक डोंगर दुसऱ्याच्या खांद्यावर आला की खाली खडक. दोघांत फट पडली की खडक संपला.

आम्ही लिफ्टने वर गेलो. डाव्या बाजूच्या दाराशी पोचलो तेव्हा बाहेर जेमतेम फटफटलं होतं. दार आपोआप उघडलं आणि खाली लोखंडी उंबरा दिसला. तीन बोटं उंच, दोन्हीकडून किंचित उतरता. रॅम्प नव्हता.

रॅम्प होता, पण उजव्या बाजूच्या दाराला. तिकडे खुला समुद्र. मी ‘रॅम्प आहे’ या वाक्यापुढे खूण केली होती, कुठल्या बाजूला ते विचारलं नव्हतं. उजवीकडून बाहेर पडून पुढून वळसा घालता आला असता, पण डेक धुणं चालू होतं आणि पुढची वाट साखळी लावून बंद केली होती. किती वेळ? अर्धा तास, असं कळलं. अर्ध्या तासाने देवगड मागे पडलं असतं.

तेवढ्यात गणवेशातली दोन माणसं आली. इतकी लवकर की ती जवळच उभी असणार. एकाने वाकून स्कूटरच्या पुढच्या बाजूला हात घातला.

“सर, हम उठा लेते हैं. दो मिनट.”

“तुझ्या बापाशीक उचल,” बाबा म्हणाले. माणसाला शब्द कळले नाहीत, पण त्याने हात काढला. बाबा माझ्याकडे वळले. “ह्येंका कोणी बोलयल्यान?”

“बोटीची पद्धत आसा ती.”

“पद्धत.” त्यांनी तो शब्द तोंडात धरला. “तुझी पद्धत माका म्हायत आसा.”

 स्कूटरबरोबर आलेली पुस्तिका मी वाचली होती. उंबरा नेहमी सरळ ओलांडावा, तिरका ओलांडल्यास गाडी कलंडू शकते. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी गाडी मागे घेतली, आणि सरळ नाही, तिरकी लावली. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असतात तेव्हा बोट तशीच तिरकी घालतात, हे मी किनाऱ्यावरून शेकडो वेळा बघितलं होतं. मग ते थांबले. पुढच्या माणसाने घड्याळ बघितलं. बाबा दाराकडे बघत नव्हते. बोट फार हलत नव्हती, पण हलत होती. डेक इकडून तिकडे सावकाश कलत होता. तो बाहेरच्या अंगाला कलायची ते वाट बघत होते.

मग त्यांनी मूठ दाबली. डावं पुढचं चाक चढलं. उजवं चढलं. मागचं एक चाक उंबऱ्याला लागून जागच्या जागी फिरलं, गाडी कलली, बाबांनी अंग दुसऱ्या बाजूला टाकलं, आणि गाडी पलीकडे गेली.

माझा हात बैठकीच्या पाठीवर होता.

बाबांनी मान न वळवता विचारलं, “धरलंस मां?”

“नाय धरूक.”

“खरा सांग.”

खरं काय ते मला सांगता आलं नसतं. हात होता. गाडी कलली तेव्हा गेला असणार. जोर दिला का, हे मी त्यानंतर अनेकदा आठवून बघितलं आहे. अशी साक्ष दुसऱ्या कुणी दिली असती तर मी ती छापली नसती.

ते कठड्याशी गेले. लोखंडाच्या चार आडव्या दांड्या होत्या, सगळ्यात वरची माझ्या छातीपर्यंत. स्कूटरवर बसलेल्या बाबांचे डोळे वरच्या दोन दांड्यांच्या मधल्या फटीत बरोबर येत होते. ते पुढे सरले, मागे सरले, आणि फट डोळ्यांसमोर आल्यावर थांबले.

“म्हणून इचारलंय,” ते म्हणाले. “भिंतीसारखो कठडो आसलो तर बसलेल्या माणसाक काय दिसतला? लोखंड.”

मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी समुद्राकडे बघितलं. समोर राखाडीत अधिक गडद राखाडी होतं, एवढंच मला दिसलं. बाबांनी बोट दाखवलं. हा विजयदुर्गाकडचा डोंगर, मागे पडला. हा सडा, वरचं पठार. तिथे देवगडच्या दीपगृहाची बत्ती, आता विझवतील. मी हो म्हटलं.  दोन कडा एकमेकींच्या जवळ येताना त्यांना दिसत असाव्यात, कारण ते अचानक म्हणाले, “हंय. ह्या ओळीत, आत, खडप आसा. आमच्या जाळ्यांचे तुकडे आसत थंय खाली. वीसेक तरी.”

“कोणाक सांगितलास काय ही खूण?”

“आता तुका सांगलंय. तू लिहून ठेवतलंस आणि चुकीची लिहितलंस.”

सूर्य वर आला आणि डोंगरांची कड पुसट झाली. डेक धुऊन झाला होता, साखळी काढलेली होती. उजवीकडच्या रॅम्पवरून आत जाता येत होतं. मी तसं म्हटलं. बाबांनी गाडी वळवली, ती डाव्या दाराकडे. ती दोन माणसं अजून तिथेच होती. बाबांनी त्यांना हाताने दूर जायला सांगितलं, तांडेल खलाशांना सांगतो तसं, आणि ती गेली.

“तू आत जा,” ते मला म्हणाले. “माझ्या म्होरसून उभी रव. दहा पावलां लांब. हात माका दिसूक होये.”

मी उंबरा ओलांडून आत गेले, पावलं टाकली, वळले, आणि दोन्ही हात पोटासमोर धरून उभी राहिले. त्यांनी गाडी तिरकी लावली. थांबले. पहिल्यांदा चाक चढून परत खाली आलं. दुसऱ्यांदा दोन्ही पुढची चाकं आत आली आणि मागची अडकली. ते मागे गेले. मी जागची हलले नाही. तिसऱ्यांदा ते बराच वेळ थांबले, इतका की दार मिटायला लागून पुन्हा उघडलं. मग डेक आतल्या अंगाला कलला आणि गाडी आत आली, चारी चाकांनी, मोठा आवाज करून.

ते माझ्यापर्यंत येऊन थांबले. कपाळावर घाम होता.

“किती पावलां होतंस?”

“दहा.”

त्यांनी मागे वळून दारापासून माझ्यापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

“आठ,” ते म्हणाले. “पण चलतला.”

ते लिफ्टकडे गेले. मी दारापाशी परत जाऊन पावलं मोजली. नऊ होती.